बाकावरून उठलेलं गिऱ्हाईक

चिरंजीव धाकट्या,

थोरल्या ताईचा आशीर्वाद आणि एक धपाटा. आम्ही ठीक, माझा गुडघा सोडून. (तो तुझ्यासारखाच, मनात आलं तरच वाकतो.) पत्राला कारण तूच.

चार महिन्यांपूर्वी तू फोनवर तुझं काम समजावत होतास. मधला सर्व्हर असतो, तो गिऱ्हाइकाचं मागणं आतल्या मशीनला सांगतो आणि आतून आलेलं गिऱ्हाइकाला देतो. मी म्हटलं, एवढं शिकून हेच? हे तर मी शिंप्याच्या खिडकीवर बसून करते. तू फोन आपटलास, तो पुन्हा केलाच नाहीस.

पण त्याआधी तू विचारलेला प्रश्न डोक्यात राहिला. गिऱ्हाईक मध्येच उठून गेलं, तर मधल्यानं आतल्याला थांबवायचं की काम पुरं होऊ द्यायचं? त्यात विचार कसला, थांबवायचं, असं मला वाटायचं. परवा एक लठ्ठ गृहस्थ आले. कोट आत्ताच सैल करून हवा, बसतो म्हणाले. (बाक कुरकुरला.) मास्तरांनी आत कोट उसवला. मी बघते तर बाक रिकामा! मी ओरडले, "मास्तर, गेला तो, ठेवा बाजूला!" त्यांनी दुसऱ्याची पँट घेतली. तेवढ्यात गृहस्थ दारात, "झाला?" बाहेर फोनवर बोलत होते! तासाभरात त्यांची मुलाखत. बिचारे टाचण्या लावून गेले. मास्तर म्हणाले, "बाई, दिसेनासा झाला म्हणजे गेला असं नसतं. हाक तरी मारायची." 

तेव्हापासून आईकडे बघवत नाही. तू मागितलेला स्वेटर ती अजून विणतेय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, सुईवरचे टाके बोटांनी चाचपते. तू फोन आपटलास हे मी तिला सांगितलंच नाही. थांबवावं, तर तू दारातच उभा असशील. चालू द्यावं, तर तिचे डोळे जातील. मधल्याचे हाल तुला तरी कळावेत, तुझाच धंदा आहे.

म्हणून ही हाक. तू गेलायस, की नुसता बोलायचा थांबलायस?

तुझी ताई

ता. क. तुझं काम सोपं म्हणाले, ते चुकलं. हे दोनदा लिहायला लावू नकोस. आणि बाहीचं माप पाठव, आई तिथेच अडलीये.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी आईला विचारलंच, थांबतेस का? म्हणाली, "भांडलात ते मला त्याच दिवशी कळलं, तुझा आवाज तीन घरं जातो. पण म्हणून थंडी थांबणार आहे का?"