काळ्या चौकटीतली आई

मी, लिओ झेलिन्स्की, वय सव्वीस, धंदा गाणी लिहिणे, राहणार एसेक्स रस्ता, न्यूयॉर्क, उद्या सकाळी आठ वाजता आंत्रपुच्छाच्या ऑपरेशनला जात आहे. डॉक्टर "किरकोळ" म्हणाले, पण खिडकीबाहेर बघत म्हणाले. म्हणून पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, शब्दकोश शेजारी ठेवून हे लिहीत आहे. याआधीची माझी मृत्युपत्रे (तीन) रद्द समजावीत.

१. माझा पियानो आणि माझे म्हणून जे काही निघेल ते सर्व माझी आई ब्रायना हिला. ती हयात आहे. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण आमच्या धंद्यात आईचे गाणे खपते, पण आई मेलेली लागते. दक्षिणेतली झोपडी, पांढरी फुले, मागे कबर. मी स्वतः न्यू जर्सीच्या पुढे दक्षिणेला गेलेलो नाही. असे एक गाणे मी चाळीस मिनिटांत लिहिले. प्रकाशकाने छापील गाण्याच्या मुखपृष्ठासाठी म्हातारीचा फोटो मागितला, मी घरातला, आईचा दिला. त्यांनी भोवती काळी चौकट छापली.

प्रती दुकानाच्या काचेत लागल्या त्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या फॅनी लिबोविच उकडलेली अंडी घेऊन आल्या. आम्हा ज्यूंमध्ये सुतकाच्या घरी अंडी नेतात. दार आईनेच उघडले.

"अगं बाई! ब्रायना, तू?"

"मग कोण? आणि ही अंडी कशाला?"

"पोरांसाठी गं. तू गेल्यावर त्यांना कोण खायला घालणार?"

संध्याकाळपर्यंत दोन बादल्या अंडी जमली. त्या दिवसापासून सात महिने आई माझ्याशी बोललेली नाही. बहीण मिन्ना हिच्यामार्फत निरोप येतो: "त्याला सांग, सूप निवतंय. मीच सांगितलं असतं, पण मेलेली बाई बोलत नाही."

तिने उद्या आठच्या आत एकदा माझ्याशी बोलावे, एवढाच या कलमाचा खरा हेतू आहे.

२. मला स्वरलिपी येत नाही. मी शीळ घालतो आणि ऑगस्ट क्रेमर ती कागदावर उतरवतात. माझ्या डोक्यातल्या शिल्लक अकरा चाली त्यांना. त्यांनी त्या आज रात्रीच येऊन घेऊन जाव्यात.

३. गायिका डॉली फेन यांनी वरील गाणे गाण्याच्या अटीवर कवी म्हणून माझ्याशेजारी स्वतःचे नाव छापून घेतले. त्यांनी त्यात "ओ" या एका अक्षराची भर घातली आहे. तो "ओ" त्यांना कायमचा परत.

४. माझ्या अंत्यविधीला हे गाणे वाजवू नये. डॉली फेन आल्याच, तर त्यांना मागे बसवावे.

५. (आत्ता जोडलेले.) मिन्नाने वरील मजकूर स्वयंपाकघरात आईला वाचून दाखवला. आई हात पुसत आत आली.

"मुडद्या, एवढ्याशा आतड्यानं कोणी मरतं का? सही कुठे करू?"

मी समजावले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते, झाल्यास त्याचे मिळणे जाते.

"जाऊ दे! तो पियानो निम्मं दार अडवतो. पण सही मी करणार. आणि त्या फॅनीलाही बोलाव, तिच्या डोळ्यांदेखत करणार."

सबब कलम १ मधील सर्व काही आता मिन्नाला. कलमाचा हेतू पूर्ण झाला आहे.

न्यूयॉर्क, ९ नोव्हेंबर १९१३

(सही) लिओ झेलिन्स्की

साक्षीदार:
फॅनी लिबोविच, खालचा मजला
ब्रायना झेलिन्स्की, जिवंत