पक्की, कच्ची आणि वांग्याची रोपं

३ फेब्रुवारी, सकाळी
मंडळींचे गुडघे: उतार आहे. माझं बीपी: बरं. माझ्या 'पाटकरी' सॉफ्टवेअरची पक्की आवृत्ती: ठणठणीत. आमच्या शिरोळच्या पाणी संस्थेचे एकशेचाळीस सभासद तिच्यावरच मोबाईलात पाळीचा नंबर बघून शेताला पाणी घेतात. कच्ची आवृत्ती: बाळसं धरतेय.
नियम माझाच. नवं काही सुचलं की कच्चीत. पक्कीत फक्त दुरुस्त्या. सॉफ्टवेअर जगाला खुलं ठेवलंय, शिस्त हवीच.

६ फेब्रुवारी
वारणानगरच्या आदितीनं चूक शोधून दुरुस्ती पाठवली. कॉलेजात शिकवते, गुणी पोर. शेतीची लाइट रात्रीची दिवसावर आली की यादीतला एकजण गळतो म्हणे. दुरुस्ती कच्चीत घातली. पक्कीत उद्या.

९ फेब्रुवारी
राहिलं. कच्चीला बोलायला शिकवतोय, माझ्याच आवाजात. आज लाइट दिवसावर आली. एकशेचाळिसात एखादा गळला तर काय आभाळ कोसळतंय?

१४ फेब्रुवारी
त्रिशलावहिनी दारात. भावजी, माझा पाण्याचा नंबर कुठं गेला? वांग्याच्या रोपांनी माना टाकल्या की! म्हणालो, वहिनी, मेसेज नीट बघत चला. चहा न घेताच गेल्या.
दुपारी तपासलं. गळालेलं नाव त्यांचंच. मेसेज गेलाच नव्हता. गावभर सांगायची गरज नाही. दुरुस्त केलं की झालं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
तेवढीच दुरुस्ती उचलून पक्कीत बसवणं किचकट. अख्खी कच्चीच पक्की म्हणून चढवली. काळीज लागतं अशा कामाला.

१५ फेब्रुवारी, सकाळी ९
सातला एकशेचाळीस मोबाईल एकदम माझ्या आवाजात बोलले: राम राम, पाण्याचा नंबर तुमचाच! सगळ्यांनी एकदम पाण्याचे वॉल सोडले. टोकाच्या रानात थेंब नाही. टोकाला रान वहिनींचं.
सेक्रेटरी अण्णासोचा फोन. आप्पा, आधी तुमचं तोंड बंद करा! मागून केरबा ओरडत होता, म्हशी बुजल्या म्हणून.
जुनी पक्की परत चढवली. चुकीसकट.

१६ फेब्रुवारी
संस्थेत फळा लागला. अण्णासो खडूनं नंबर लिहीत होता. माझ्याकडं बघितलंही नाही.
वहिनींच्या रानात गेलो. चूक माझी होती, तुमच्यावर ढकलली, म्हणालो. म्हणाल्या, ठाव हाय की. निम्मी रोपं गेली, भावजी. बोलत काय बसलाय, नवी लावू लागा.
दोन सऱ्या लावल्या. त्यांनी चहा दिला.

१७ फेब्रुवारी
आदितीला मेल केला. तसाच इथं उतरवतो:
"पोरी, तुझी दुरुस्ती आठ दिवस माझ्यापाशी पडून राहिली आणि एका बाईचं रान वाळलं. पक्कीत तूच ती घाल आणि इथून पुढं पक्की तूच सांभाळ. मी हात लावला तर मला विचारायचं, कुणाला विचारून लावला. सोमवारी लाइट पुन्हा बदलणार. त्याआधी उत्तर दे गं, एका ओळीचं का होईना."