छपरावरची प्लेट

सावली,
ता. ३ नोव्हेंबर २०२४

चि. संघप्रियास आजीचा पोटभर आशीर्वाद आन् जय भीम.

मी खुशाल आहो. तू शिकवते त्या गावात टावर नाई हे माह्यासाठी बरंच झालं, नाईतर तू फोनवर दोन शब्द बोलून मोकळी झाली असती. पत्र कसं, उशीखाली राह्यते. दुसरीपर्यंतच शिकली मी, म्हनून एक पत्र मले लय दिवस पुरते.

धान कापून झालं. शेजारच्या पोचूच्या कोंबड्या आपल्या घरामागच्या सांदवाडीत घुसतात. हाकलत नाई मी. तेवढीच सोबत.

काय सांगत होती मी? हं, तू लिहलं ते चंद्रपूरचं प्रशिक्षन. प्रयोगाच्या सामानाले हात कोन लावते ते पाहा, असं मास्तरलोकाईले सांगतलं म्हने. आन् तू तुह्या वर्गात पाह्यलं तं पोरं वायर जोडते आन् पोरी वहीत अक्षर काढते! मी एकटीच हासली. अवं, तुहा आजोबा सायकल खोले आन् मी कंदील धरून उभी राहो. दे पोरीईच्या हाती पेचकस. आजोबा गेल्यावर घरावरचे कवेलू, तुमी कौलं म्हनता ते, मीच छपरावर चढून फेरले. लोकं पाहत राह्यले, घर तं नाई पडलं.

इथल्या शाळेत जागा खाली आहे म्हनते. बदलीचा अर्ज टाकला का? तुही खाट पुसून ठेवली.

आजीले आठवत जाजो.
तुही आजी, रुखमा


चामोर्शी तालुका,
ता. १७ नोव्हेंबर

ती. आजीस संघप्रियाचा सादर जय भीम. वि. वि.

तुझ्या पत्रानं जोर आला आणि मी घोळ करून बसले. शाळेचा सोलर दिवा लागत नव्हता. आठवीतल्या मंगलीनं मीटर लावून बॅटरी पाहिली, वायर पाहिली. दोन्ही चांगल्या. म्हणाली, वर छपरावरच्या सोलर प्लेटवरच काही बसलं असन. मी म्हटलं, चढ. तिनं सागाची पानं काढली, धूळ पुसली. त्या संध्याकाळी दिवा लागला. मुलांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मग तिचे वडील बुधूभाऊ आले. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, या गावात बाईमाणूस छपरावर चढत नाही, खाली घरात देव असतात; शाळा असली तरी छप्पर ते छप्परच. वर्षभर इथं राहून मी हे कोणाला विचारलंच नव्हतं. जाताना एवढंच म्हणाले की मॅडम, तुमी तं निघून जाल, पोरीले इथंच राहाचं आहे.

तेव्हापासून वर्गात एकही मुलगी नाही. खोलीवर आले की भिंतीशी बोलते. बदलीचा अर्ज लिहून ठेवला आहे. आले तर आपण दोघी राहू. तू फक्त हो म्हण.

तुझ्या मायेला भुकेली,
संघप्रिया


सावली,
ता. २५ नोव्हेंबर

चि. संघप्रियास अनेक आशीर्वाद, जय भीम.

दोघी राहू असं वाचलं आन् त्या दिवशी भातात दोन मुठी जास्त पडल्या. कोंबड्याईनं खाल्लं.

हो लिहाले बसली होती, पन बुधूभाऊचं बोलनं डोक्यातून जाईना. आत्ता आली तं त्याचंच खरं होईन. मी कवेलू फेरले ते माह्या घराचे. तिथलं मले काय माहीत, उगाच तुले चढवलं. आता तू त्याईच्या अंगनात जाऊन बस. शिकवू नोको. सूप दिलं तं धान पाखड. चुकली म्हनून सांग. मंग तुले वाटन तसं कर, खाट कुठी पळून नाई राह्यली.

जेवत जाय वेळेवर.
आजी


चामोर्शी तालुका,
ता. १२ डिसेंबर

ती. आजीस सादर जय भीम. वि. वि.

बसले अंगणात. मंगलीच्या आईनं खरंच सूप दिलं, आणि माझं पाखडणं पाहून सगळ्या बाया हसल्या. मॅडमले धानही उडवता येत नाई, म्हणे. हसण्यातच मंगलीनं विचारलं, प्लेट वरच काऊन पाहिजे? ऊन तर खालीही पडते. मग तिच्या आईनंच बुधूभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, बांबू मी देतो.

आता शाळेच्या पटांगणात बायांनी बांधलेल्या मचाणावर प्लेट आहे. मुली परत आल्या. मीटर पाळीपाळीनं सगळ्यांच्या हाती जातो, आणि मुलगे वहीत अक्षर काढायला शिकताहेत. फक्त मंगली अधूनमधून छपराकडे पाहते.

आजी, अर्ज मी चुलीत टाकला. रागावू नकोस गं.

तुझीच,
संघप्रिया


सावली,
ता. २० डिसेंबर

चि. संघप्रियास आशीर्वाद, जय भीम.

रागावू काऊन? अख्ख्या मोहल्ल्यात पत्र वाचून दाखवलं. पोचूनं तं दोनदा ऐकलं, मंग कोंबड्या घेऊन गेला. घर चूप झालं.

तुही खाट भिंतीले उभी करून ठेवली. आडवी असली का तिकडंच नजर जाते.

एक काम आहे. उनाळ्याच्या सुट्टीत येशीन तं बुधूभाऊले नीट विचारून मंगलीले संग आन. माह्या घराचे कवेलू फेराचे आहेत, माह्यानं आता चढनं होत नाई. इथी पोरीले कोनी आडवत नाई. मी खाली शिडी धरून उभी राहीन.

तवापर्यंत पत्र धाडत राहाजो.
तुही आजी, रुखमा