दंडारीची पेटी चंपाबाईला

मी, मोतीराम फकिरा हनवते, वय एकाहत्तर, धंदा नटाचा, राहणार मुधोळ, जिल्हा आदिलाबाद, आंध्र प्रदेश, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. रेशनकार्डावर माझा धंदा मजुरी असा पडला आहे, ती लिहिणाऱ्याची चूक समजावी. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायकोचा आहे, पण तो लग्नापासूनचा असल्याने धरू नये.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मेलो मात्र पुष्कळदा. अकरा तेलुगू सिनेमांत काम केले, त्यातल्या तिनांत गोळी खाल्ली, एकात फासावर गेलो, आणि आठवड्याभरात मुधोळच्या बाजारात वांगी निवडत होतो.

१. राहते घर, अंगणातल्या कडुलिंबासह, पत्नी रुख्मिणी हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. पुढे मुलगा उत्तम आणि मुलगी चंपाबाई यांनी निम्मे निम्मे घ्यावे. बँकेत जे असेल ते रुख्मिणीचे. किती आहे ते तिलाच ठाऊक, मला तिने कधी कळू दिले नाही.

२. निर्मलच्या खेळणीवाल्यांकडून हलके लाकूड आणून मी मुखवटे कोरत असे. ती हत्यारे उत्तमची. तो निर्मललाच कचेरीत कारकून आहे. सिनेमात बाप सारखा मार खातो याची त्याला लाज वाटते, पण मुखवट्यांवर त्याचा जीव आहे. शाळेत असताना त्याने गुपचूप लांबवलेला वाघाचा मुखवटा आजपासून कायदेशीररीत्या त्याचा झाला.

३. आता पेटी. हे कलम नीट वाचावे, बाकीचे गडबडीत वाचले तरी चालेल.

सुगी झाली की आमच्या गावची दंडार उभी राहते. नाचगाणे, सोंगे आणि शेवटी राजाचे नाटक, सगळे पुरुषच करतात. मी दाढीमिशी फुटण्याआधीपासून चौदा वर्षे लुगडे नेसून राणी झालो, पुढे राजा झालो. ढोलकी वाजवली, पडदे रंगवले, रेडिओवर म्हाताऱ्यांचे आवाज काढले. मुकुट, लुगडी, तलवारी, सगळे सामान एका लोखंडी पेटीत असते, ती माझ्या घरी आहे आणि माझ्या मालकीची आहे. आमच्यात रीत अशी की पेटी ज्याच्या घरी, तोच पेटी उघडून एकेक वस्तू हातात देतो. ज्याला जी वस्तू मिळाली, तो त्याचा पार्ट. त्यावर अपील नाही.

ही पेटी, आतल्या मुकुटासह, मी चंपाबाईला देत आहे.

कारण सांगतो. माझे तेलुगू मराठी वळणाचे, म्हणून सिनेमात माझ्या तोंडी दुसऱ्याच नटाचा आवाज भरत. चंपा नऊ वर्षांची असताना माझा एक सिनेमा भैंशाच्या टॉकीजला लागला. माझी आई बयनाबाई तेव्हा पुरती आंधळी झाली होती. रुख्मिणी तिला बैलगाडीतून घेऊन गेली. मी हैदराबादेत होतो. पडद्यावर मी आलो तशी रुख्मिणीने तिचा हात दाबला. आई म्हणाली, "हा कोन परका मानूस बोलून राह्यला? माह्या मोती कुटी हाय?" शेवटपर्यंत वाट पाहून ती घरी आली आणि जेवेना. तेव्हा चंपा चुलीपुढे उभी राहिली आणि माझे राजाचे भाषण माझ्याच ठेक्यात म्हणाली, "गावातली शेवटची चूल पेटल्याबिगर माझं ताट वाढू नका." आई म्हणाली, "आला माह्या लेक. आता वाढ मले." हे ऐकले तेव्हा मी रडलो. अकरा सिनेमांत मला इतके खरे रडता आले नाही.

चंपा आज नेरडीगोंड्याला शिक्षिका आहे. दर सुगीला रजा काढून येते, पार्ट मागते, आणि दरवर्षी माझा जुना जोडीदार रामाजी, म्हणजे नाटकातला प्रधान, एकच बोलतो: "बाईमानसाले पार्ट देल्ला तं लोक काय म्हनतीन?" मग ती पडद्याआड बसून आम्हाला विसरलेले शब्द पुरवते. मीही गप्प बसलो. पेटी माझी, रीत माझ्या हातात, तरी रामाजी रुसेल म्हणून भ्यालो. ही माझी चूक आहे, आणि ती मी इथे कबूल करतो.

गेल्या साली भाषणाच्या मध्येच माझा दम सरला. तोंड उघडले, शब्द निघेना. पडद्यामागून चंपाने माझ्याच ठेक्यात भाषण पुरे केले. मी फक्त ओठ हलवले. सारे गाव समोर होते, कोणाला पत्ता लागला नाही. पुन्हा माझ्या तोंडी दुसऱ्याचा आवाज होता, पण या वेळी आई असती तर तिने ओळखला असता. रामाजी माझ्याशेजारी उभा होता. त्याला सगळे कळले, आणि तो आजवर त्यावर बोललेला नाही.

म्हणून अट अशी: यापुढे राजा चंपाबाई होईल. मंडळींना मान्य नसेल तर पेटी घराबाहेर निघणार नाही, मंडळींनी बिनमुकुटाचा राजा शोधावा. चौदा वर्षे मी राणी झालो तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत, आता म्हणाले तर ऐकून घ्यावे.

४. मुकुटावर रामाजीचा तीस वर्षांपासून डोळा आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणूनच मी त्याला साक्षीदार केले. माझ्या मातीला त्याने पुढे यावे, पण रडू नये. त्याला रडता येत नाही, रंग लावूनसुद्धा.

माझी कोणाबद्दल तक्रार नाही. मनासारखे जगलो.

मुधोळ, दिनांक ११ मार्च १९९८
मोतीराम फकिरा हनवते (सही)

साक्षीदार पहिला: सुधाकरराव कोंडिबा वाठोरे, निवृत्त मुख्याध्यापक. मोतीरामजींनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला. तिसऱ्या कलमाला दुसरे साक्षीदार उठून बाहेर गेले व काही वेळाने परत आले. (सही)

साक्षीदार दुसरा: रामाजी सटवा गवळे. मोतीरामनं माह्या समोर सही केली. मुकुट त्याच्या डोक्याच्या मापाचा हाय, चंपाले सैल होते. आतून चिंधी लावा लागन. ते मी लावून देतो. (सही)