वाटीभर दह्याचं वजन

सोमवार, संध्याकाळ

मांजरी गावाहून सुनेचा फोन आला. "बाबा, आईंच्या श्रीखंडाला चार वाट्या दही लागायचं ना? एका वाटीचं वजन सांगा, माझ्याकडे त्यांची वाटी नाही."

सुमन गेल्यापासून ती वाटी मी काढलीच नव्हती. आज वजनकाट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ दही भरलं. दोनशे दहा ग्रॅम. तेवढ्यात मागून स्पष्ट ऐकू आलं, "अहो, काठोकाठ नको. सांडाल."

भास? असेलही. पण ती खरंच बोटभर कमी भरायची. मी विसरलो होतो. मग आठवण कोणी करून दिली?

थोडं दही काढलं. एकशे ऐंशी. सुनेला तेच कळवलं.

बराच वेळ ओट्याशी तसाच उभा राहिलो. मागे वळलो नाही. मागे कोणी नसेल, याचीच भीती वाटली.