गौरीचे हात

१९ एप्रिल, रवि.
वर्गाला आज पद्माक्का नवीन. खुणांच्या भाषेचा वर्ग म्हणजे आमची बाहेरची खोली नि सतरंजी. तिच्या नातवाला जन्मापासून ऐकू येत नाही. तिची मराठी माझ्या तेलुगूइतकीच, पण अडलं नाही. भूक, पाणी, दुखतंय, एवढं हातांनी शिकून गेली.
ह्यांचा शेरा: "जन्मभर तोंड चालवलंस, आता हात."

२३ एप्रिल, गुरु.
रेहाना ब्लाउज घेऊन आली. तिला ऐकू येत नाही, शिवणकाम करते, मला ही भाषा तिनेच शिकवली. चादरीच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात आम्ही बायका खुणांनीच बोलायचो. वाटलं होतं, आपल्याला येतंच. पहिल्या दिवशी तिला कारखान्यातल्या खुणा करून दाखवल्या, तर हसून हसून मशीनवर डोकं टेकलं तिने. ही अख्खी भाषा आहे, हे मग कळत गेलं.
शिकले नातीसाठी, गौरीलाही ऐकू येत नाही म्हणून. उजळमाथ्याने शिकवते मात्र लोकांनाच. राग येतो. येऊ दे.

३ मे, रवि.
लेक सुजाता, जावई महेशराव, गौरी जेवायला. गौरीचा डावा हात मांडीखाली. वडील समोर असले की सात वर्षांची पोर हातावर बसते.
महेशराव: "मामी, कानाला मशीन लावलंय, शब्द फुटायलेत. हातवारे लावले की बोलायचं सोडंल की ती."
"बरं," म्हटलं. जावयाला उलटं कोण बोलणार.
भांडी घासताना सु.: "ते वाईट न्हाईत गं आई. तिला 'आ' म्हणायला लावतात नि सवताच रडतात."
माहीत आहे. म्हणून तर जड जातं.
दुपारी सु. पोरीला माझ्याकडे सोडते, तेव्हा आमचं चालतं. चोरून. आज जिन्यातही, महेशराव गाडी काढायला उतरल्यावर, तिने पटकन हातांनी विचारलं: उद्या? मी: हो.

१७ मे, रवि.
अधिक महिना लागला. जावयाला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं गेलं. हे म्हणाले, चांदीचं काहीतरी द्यायला पाहिजे.
"द्या. मला त्यांच्याकडून घ्यायचंय."
"जावयाकडं मागत्यात व्हय गं? लोक हसतील."
हसू देत.

३१ मे, रवि.
पहिला अनारसा तेलात हसला, पार विरघळला. म्हटलं, सुरुवात झकास.
ओवाळणं, कपडे, चांदीची वाटी, सगळं रीतसर. मग म्हटलं, "महेशराव, एक मागू?"
"मागा की मामी."
"रविवारी दहाला वर्ग असतो. गौरीला घेऊन या, तासभर बसा. नाही पटलं तर दुपारी मी तिला शिकवते तेही बंद करीन."
सु. बघतच राहिली. गौरी आळीपाळीने आमची तोंडं वाचत होती.
"बघू," म्हणाले. धोंडा ताटात तसाच.

४ जून, गुरु.
सोमवारपासून दुपारी गौरी नाही. सु.चा फोन: "काईच बोलत न्हाईत. दिलेले कपडे घडीतच हायत."
मागून होतं ते घालवलं का मी? दुपार सरत नाही. आठवण येते, लई येते.

७ जून, रवि.
दहाला सतरंजी भरली. पद्माक्का नातवाला घेऊन आलेली, दोघांचं भांडण रंगात. आवाज नाही, पण भांडणच.
दारात महेशराव, गौरीचा हात धरून. "सोडायला आलोय. दुकान उघडायचंय."
गौरीने सगळ्यांचे हात बघितले. मग आपला हात त्यांच्या हातातून सोडवला नि त्यांच्याकडे तोंड करून हातांनी बोलली: बाबा, बस. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच.
"काय म्हणतीया?" त्यांनी मला विचारलं.
अगदी ओठावर आलं होतं. सांगितलं नाही. सरकून सतरंजीवर जागा केली.
बसले नाहीत. तासभर चप्पल घालून दारातच उभे. दुकानाची आठवणही काढली नाही.
निघताना जिन्यात गौरीने वळून मला विचारलं: उद्या? आज लपवून नाही. मी महेशरावांकडे बोट केलं: त्यांना विचार.
ती खाली उतरली, त्यांच्या समोर उभी राहिली नि तेच विचारलं.
गाडी बराच वेळ सुरू झाली नाही.