हिरवा ठिपका

३ ऑगस्ट
आले एकदाची हिंगोलीत. खोली झकास, घरमालकीण अमिनाबी त्याहून झकास. मी खाला म्हटलं तर बाई एकदम खूश. त्यांचा मुलगा आसिफ गावोगावच्या बाजारात बांगड्या विकतो. माझी नोकरी म्हणजे मोबाईलच्या नकाशावर रस्त्यांचे खड्डे सांभाळायचे. लाल ठिपका म्हणजे खड्डा आहे, हिरवा म्हणजे भरला. हिरवा करण्याआधी ॲप विचारतं, ‘जागेवर जाऊन पाहिलं का?’ मला हसूच येतं.

११ ऑगस्ट
जवळा बाजारच्या वळणावरचा मोठा खड्डा भरला, असं ठेकेदाराचा माणूस फोनवर म्हणाला. खुर्चीतूनच ‘हो’ दाबलं. इथे सगळे तसंच करतात. संध्याकाळी आसिफनं विचारलं, ताई, जवळ्याचा रस्ता कसा आहे. ऐटीत मोबाईल दाखवला, बिनधास्त जा म्हटलं.

१४ ऑगस्ट
आसिफ गेला. त्याच वळणावर, गाडीसकट. खड्डा भरलेला होता, पण पाण्यानं. त्याला दिसलाच नाही.
मी मान खाली घालून आल्यागेल्याला पाणी देत होते. खाला म्हणाल्या, सकाळपासून उपाशी आहेस बेटा, दोन घास खा. मी खाल्ले. त्याचीच जास्त लाज वाटते.

१९ ऑगस्ट
ठिपका लाल करायला गेले. तो वळणावर नाहीच, हिंगोलीच्या बाजूला सरकलाय. हिरवाच. साहेब म्हणाले, नेटवर्कचा घोळ. पण ठिपका दाबला की उघडणाऱ्या फोटोत पाणी आहे. पाण्यात बांगड्या.

२१ ऑगस्ट
ठिपका आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिथं सकाळी शेजाऱ्यांची शेळी बुडाली. सपाट रस्त्यात, बघता बघता. खालांना सांगायला हवं. जीभ रेटत नाही.

२२ ऑगस्ट
अंगणात. हिरवा.
खाला आता गोधड्या वाळत घालायला निघतील. अडवायचं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगायचं तर —
अजून निघाल्या नाहीत म्हणून मी तोंड लपवून बसलेय. थू माझ्यावर.

दुपारी
सांगितलं. सगळं.
त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, ठावं हाय पोरी. आसिफ रोज येऊन सांगून राहिला. तूच कवा बोलशील, याची वाट बघून राहिले.
मग त्यांनीच विचारलं, जागेवर जाऊन पाहिलं का?
हात धरलाय माझा. एवढं लिहून घे म्हणतात. अंगण सपाट आहे, कोरडं. जमिनीच्या आतून बांगड्या वाजतात. त्या म्हणतात, जागा बराबर हाय, पाय टाक. मी टाक —